जळक्या मोटारीचे दादा

दादांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यातले अकरा सेकंद मी कापले, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगायचं ठेवलं की माणूस स्वतःला सावरत सावरत तिथवर येतो, आणि मला आता सावरासावरीचा कंटाळा आलाय. त्या अकरा सेकंदांत दादांच्या थोरल्या बहिणीचा आवाज होता. ते कापले आणि आमचा बँड बसला, एवढं मला माहीत होतं. त्यापायी बहीणभावाचं काय झालं, ते यंदा दसऱ्याच्या आसपास कळलं.

दादा म्हणजे माझे सख्खे भाऊ नव्हेत. पाथर्डीच्या पुढे आमचं बाजाराचं गाव, तिथे स्टँडच्या मागे त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. जिल्ह्याचं नाव बदललं तरी त्यांच्या पाटीवर अजून जुनंच आहे. विहिरीवरच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारी तिथे येतात. आतली जळकी तार उपसायची, नवी भरायची, वॉर्निश पाजायचं आणि उन्हात ठेवायची, हा धंदा. तारेचे वेढे ते तोंडाने मोजत, आणि मोजणी चालू असताना तहसीलदार आला तरी त्याला उत्तर नाही. एकदा एक माणूस कुणी तरी वारल्याचा निरोप घेऊन आला. दादांनी हातानेच त्याला बसवलं, अडतीसपर्यंत मोजलं, तार दातात धरली आणि मग विचारलं, कोण गेलं म्हणून. तोवर तो माणूस रडून मोकळा झाला होता.

हा माणूस रॉक बँड काढील असं कुणाला वाटलं असतं? मला तरी नाही. तरुणपणी ते अप्रेंटिसशिपला पुण्याला होते, तिथे खोलीत मेघालयाकडचा एक मुलगा. तो दिवसभर वेल्डिंग शिकायचा आणि संध्याकाळी गिटार वाजवायचा. वर्षभराने तो घरी परत निघाला तेव्हा गिटार न्यायला जागा नव्हती, म्हणून दादांना देऊन गेला. दादांनी ती येष्टीच्या टपावर टाकून गावी आणली. ती साधी लाकडी गिटार. तिला विजेवर वाजती करायला आवाज पकडणारी गुंडाळी लागते, पिकअप म्हणतात तिला. दुकानात मागितली असती तर नगरला मिळाली असती. पण गुंडाळी विकत आणायची म्हणजे त्यांच्या अब्रूचाच प्रश्न. मोटारीच्या स्टार्टरमधल्या जुन्या रिलेतली केसाएवढी तार काढून त्यांनी ती स्वतः भरली. ती सदोदित घुमायची. ते घुमणं काही केल्या जाईना, तेव्हा दादांनी गिटारच त्या घुमण्याच्या सुरात लावली. तोच आमचा सा. जगातलं दुसरं कुठलंही वाद्य आमच्याशी जुळत नसे, आणि दादांना त्यात काहीच वावगं वाटत नसे.

बँडचं नाव ‘जळकी मोटार’. माणसं तीन. दादा गिटार वाजवत आणि गात, ड्रमवर डेपोतला एक मेकॅनिक, आणि बेसवर मी. मी तेव्हा गावात कॉम्प्युटरवर अर्ज भरून द्यायचं काम करायचो, म्हणून रेकॉर्डिंगचं मशीनही माझ्याच गळ्यात पडलं. आमची गाणी कशी होती ते सांगणं अवघड आहे. भजनात बसत नव्हती, वरातीत चालत नव्हती. गिटार पत्रा घासल्यासारखी आणि दादांचा आवाज झोपेतून उठवलेल्या माणसासारखा. शब्द मात्र सरळ. “तालुक्याला गेलो, सायेब जेवाया गेले. सायेब आले, मी जेवाया गेलो.” एवढंच गाणं, चार मिनिटं.

हे शब्द ते वहीत लिहीत नसत. दुरुस्तीला आलेल्या मोटारीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतात, तिच्या एका बाजूला मालकाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला दादांचं गाणं. साहेबांचं गाणं असंच एका मोटारीबरोबर तिसगावकडे गेलं. दोन दिवसांनी तो शेतकरी चिठ्ठी घेऊन आला आणि विचारू लागला की ही गॅरंटीची अट आहे का. दादा म्हणाले, हीच हुडकत हुतो. चिठ्ठी खिशात घालून त्यांनी त्याला चहा पाजला. जाताना तो म्हणाला, “पन खरं लिवलंय.” आमचा पहिला श्रोता तो.

दादांचा एक नियम होता आणि त्यावरून आमची कायम वादावादी व्हायची. मोटारीत एक वेढा चुकला तर ते सगळी भरलेली तार कापून टाकत आणि पहिल्यापासून भरत. गाण्यात मात्र जे झालं ते झालं. सूर गेला, कुत्रं भुंकलं, मेकॅनिकची काठी निसटली, तरी ते पुसायचं नाही आणि दुसऱ्यांदा रेकॉर्ड करायचं नाही. मी एकदा चिडून म्हणालो, मोटारीला एक न्याय आणि गाण्याला दुसरा, हे कसं काय? तर म्हणाले, “मोटार लोकाची हाय. गानं आपलं हाय.”

रेकॉर्डिंग उन्हाळ्यात, आणि तेही कोरड्या विहिरीत. हे वेड दादांचंच. आमच्या भागात मार्च-एप्रिलात विहिरींचा तळ दिसतो. तळाशी उभं राहून गायलं की आवाज काठापर्यंत चढतो आणि जाड होऊन परत येतो. पुण्यात असा घुमारा मिळायला मशीन लावतात म्हणे. ही विहीर दादांच्या अक्काची. आई लवकर गेली, तेव्हा दादांना अक्कानेच वाढवलं. पोराची ढोपरं पुसण्यापासून त्याला दुकान टाकून देण्यापर्यंत सगळं तिचं. दाजी ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम, सहा महिने बाहेर. रानात विहीर होती, पण नावाला. पावसाळ्यात चार दिवस ओलसर व्हायची, इतकंच. अक्काला आमचं गाणं म्हणजे भुकेनं कोकलल्यासारखं वाटायचं, तरी भाकरी ती आमच्यासाठी टोपलंभर करायची. उन्हाळ्यात वळीव पडला की तळाशी चिखल व्हायचा आणि आमचं रेकॉर्डिंग राहायचं. लोक म्हणायचे, ही तीन टाळकी पाऊस पडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसतात.

एका उन्हाळ्याच्या गाण्यांना दादा ‘खेप’ म्हणत. पहिली खेप, दुसरी खेप. मोटार न्यायला येईल त्याच्या फोनमध्ये ते गाणी भरून देत, नको म्हटलं तरी. खरा प्रसार केला तो दाजींनी. टोळीच्या ट्रॅक्टरला टेप असतो, त्यात पेनड्राइव्ह लागतो. ऊस भरून कारखान्याकडे जाताना ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून तो मोठ्याने वाजवायचा. दाजींनी आमची खेप त्यात घातली. ड्रायव्हर लोकांचं म्हणणं पडलं की ह्या गाण्यांनी झोप येतच नाही. आम्ही ती स्तुती धरली.

चौथ्या खेपेच्या वर्षी अक्काने विहीर खोल करायला काढली. विहिरीतला दगड-मुरूम वर ओढायचं जे क्रेनसारखं यंत्र असतं, त्याला आमच्याकडे यारी म्हणतात. आठवडाभर सुरुंग आणि यारी चालली होती. दादांनी त्यावरच गाणं केलं. परस म्हणजे पुरुषभर खोली. विहीर खोदताना पाणी लागलं नाही की मालक म्हणतो, आणखी एक परस. त्याच्या पुढे आणखी एक. गाण्याचं नावही तेच, ‘अजून एक परस’. बाजाराच्या दिवशी मजुरांना सुट्टी, तेव्हा आम्ही यारीच्या बकेटमधून खाली उतरलो. दादा तळाशी, मी आणि मेकॅनिक मधल्या धक्क्यावर, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सगळं सामान.

दादा त्या दिवशी जसे गायले तसे आधी कधी गायले नव्हते. तिसऱ्या कडव्यापर्यंत एकही चूक नाही. मला कळत होतं की हे एकदाच होणार आहे. आणि तेवढ्यात वरून अक्का चहाला हाक मारायला वाकली. आम्ही कुणी खाली बघत नव्हतो, तिनेच बघितलं. दादांच्या पायाखालचा खडक चमकत होता. आदल्या दिवशीच्या सुरुंगाने कुठे तरी चीर पडली होती, आणि पाणी येत होतं.

“पानी लागलं! आरं धाकल्या, पानी लागलं रं!” अक्का ओरडली, आणि मग तिला रडू फुटलं. विहिरीने तो आवाज गोल फिरवून दोनदा परत दिला. दादा थांबले नाहीत. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी शेवटचं कडवं पूर्ण केलं. नंतर मेकॅनिकने वर येऊन पेढे वाटले. मी मात्र मनातल्या मनात अक्कावर चरफडत होतो, की बाईने आणखी दोन मिनिटं कळ काढली असती तर काय बिघडलं असतं. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा तसं वाटलं होतं.

ते गाणं मग कुठे कुठे गेलं याचा हिशेब आमच्यापाशी नाही. त्या साली हंगामात दादा आणि मी कोपरगावकडे एका कारखान्यावर मोटार पोचवायला गेलो. आवारात उसाच्या ट्रॅक्टरांची लांब रांग लागली होती. एका ट्रॅक्टरवर आमचं गाणं चालू होतं. दोन ट्रॅक्टर सोडून पुढे दुसऱ्यावर, ते थोडं मागे. मग तिसऱ्यावर. अक्काचा आवाज एका ट्रॅक्टरवरून आला, थोड्या वेळाने दुसऱ्यावरून, मग आणखी लांबून. दरवेळी खाली बसलेल्या बाया, कोयत्याला धार लावणारे गडी, सगळे तिच्याबरोबर ओरडायचे, पानी लागलं रं. ती माणसं आमच्याच भागातली. पाणी नाही म्हणून तर ती तिथे होती. दादा मोटारीवर बसून ऐकत राहिले. टोळ्यांतून अक्काचं नाव ‘पानीवाली अक्का’ पडलं. हळदीकुंकवाला गेली तरी बाया तिला ओरडून दाखवायला लावायच्या, आणि ती लाजत लाजत ओरडायचीसुद्धा.

पुढे कुणी तरी ते गाणं पुण्याच्या एका पोराला पाठवलं. तो नव्या बँडांचा मोठा कार्यक्रम भरवायचा. त्याचा मला फोन आला. गाणं त्याला भारी वाटलं होतं, पण मधे ती बाई ओरडते त्याने म्हणे लोक हसतील. तेवढं साफ करून नेटवर टाका आणि आम्हाला पाठवा, मग तुम्हाला बोलावू. मी दादांना सांगितलं की पुण्याहून विचारणा आहे, गाणं पाठवतोय. कापण्याचं सांगितलं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर होता. दाराकडे पाठ करून, कानाला हेडफोन लावून मी ते अकरा सेकंद काढले आणि दोन टोकं अशी जोडली की सांधा कळू नये. काम चांगलं झालं होतं, खोटं कशाला बोलू. आठवड्याभरात बोलावणं आलं.

पुण्यात संध्याकाळी आमचा नंबर लागला. समोर पोरं-पोरी, नीट ऐकणारी. मागे कुंपणाशी आठ-दहा माणसं उभी होती, कुणी गाडीवर ड्रायव्हर, कुणी वॉचमन, सगळी आपल्याकडची. त्यांना कुठून कळलं होतं देव जाणे. ‘अजून एक परस’ सुरू झालं. तिसरं कडवं संपलं आणि ती आठ-दहा माणसं जीव तोडून ओरडली, पानी लागलं रं! पुढची पोरं दचकून मागे वळली. दारूडे आहेत असं समजून संयोजकांची माणसं धावली आणि त्यांना धरून बाहेर नेऊ लागली. दादा गायचे थांबले. सुरू केलेलं गाणं ते कधी थांबवत नसत, त्या दिवशी थांबवलं. गिटार खाली ठेवली, स्टेज उतरले आणि त्या माणसांच्या मागोमाग फाटकाबाहेर गेले. परतीच्या येष्टीत त्यांनी वडापाव खाल्ला आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, आता यांना कळलं मी काय केलं ते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, झोप.

त्यानंतर ते गायले नाहीत. मेकॅनिकची बदली झाली. मला नगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी लागली, लग्न झालं, मानेचा पट्टा लागला. कापलेलं गाणं नेटवर राहिलं. अनोळखी लोक कौतुक करायचे, किती शांत गाणं आहे म्हणून. मी खाली हात जोडल्याचं चित्र टाकायचो. पुरं गाणं जुन्या ट्रॅक्टरांच्या पेनड्राइव्हमध्ये होतं, ते एकेक करून मोडत गेले. दादांकडे मी वर्षातून एकदा जायचो. ते मोटारींचं बोलायचे, मी पोरांच्या शाळेचं. मी मनाशी धरून चाललो होतो की हा माणूस मोठा आहे, मला बोलला नाही, आणि हीच मला शिक्षा आहे. अशा शिक्षेची सवय होते.

यंदा मतदार यादीचं काम लागलं आणि योगायोगाने अक्काची वस्ती माझ्या वाट्याला आली. तिने ओळखलं, चहा टाकला. विहिरीला अजून पाणी आहे, डाळिंब लावलंय. बोलता बोलता मी दादांचं काढलं तर तिने तोंड फिरवलं. मग स्वतःच सांगू लागली. पाचेक वर्षांपूर्वी नातीने फोनवर गाणं लावलं होतं. अक्काने शेजारणीला बोलावून आणलं, म्हणाली थांब, आता माझं येतंय.

“आलंच न्हाई. गानं सपलं. शेजारीन बघतीया माज्याकडं. मंग तो आला तवा इचारलं, तर म्हनला, अक्का, मी कापलं. त्या रानात उभा जन्म गेला माजा, पानी बगितलं न्हवतं. वरडले. मला काय ठावं गानं नासंल म्हून? पाच भाऊबिजा झाल्या, ओवाळलं न्हाई त्याला. येतो, वट्यावर बसतो, पानी पितो अन् जातो.”

मी म्हणायला हवं होतं की अक्का, ते मी कापलं. चहा संपेपर्यंत मी ते वाक्य जुळवत होतो. मग तिच्या घरातली नावं यादीत तपासली, सही घेतली आणि उठलो.

तिथून सरळ दुकानात गेलो. दादा उन्हात मोटारी मांडत होते. केस पार पांढरे झालेत, कंबरेत वाकतात. मी म्हणालो, अक्काकडून येतोय. माझं पाप तुम्ही तुमच्यावर का घेतलंत? माझा आवाज चढला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. पाच वर्षं एवढा उपकार डोक्यावर घेऊन मी हिंडत होतो आणि मला पत्ता नव्हता.

दादा पायरीवर बसले. घाम पुसला. म्हणाले, “तुजं कुटं घेतलं? माजंच सांगितलं तिला.”

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं.

“तू कापत हुतास तवा मी दारात उभा हुतो. तुज्या कानाला ते लावल्यालं, तुला ऐकू आलं न्हाई. पडद्यावर बगत हुतो, अक्काचा आवाज कुटं हाय ते दिसतं की त्यात. तू रेघ वडलीस, पुसलंस. हात धरला आस्ता तर ऱ्हायलं आस्तं.”

“मग धरला का नाही, दादा?”

“मला बी जायचं हुतं पुन्याला,” दादा म्हणाले.

मला राग आला होता, आणि कुणाचा ते ठरवता येत नव्हतं. ज्या माणसाला इतकी वर्षं मी देव्हाऱ्यात बसवलं होतं तो माझ्यासारखाच निघाला, याचं वाईट वाटावं की बरं, हेही कळत नव्हतं. शेवटी दादांनीच विचारलं, भाऊबीज कवा हाय? मी फोनमध्ये बघून सांगितलं. म्हणाले, “संगं येतोस? दोघं मिळून सांगू तिला. एकट्यानं सांगितलं ते अर्धंच हुतं.” मी येतो म्हणालो.

घरी आल्यावर मी माझ्या जुन्या हार्डडिस्कमधून पुरं गाणं शोधून काढलं आणि नेटवर कापलेल्याच्या जागी टाकलं. दुसऱ्या दिवशी खाली एकाने लिहिलं होतं की गाणं छान आहे, मधे कोण बाई ओरडतेय ती काढता आली तर बघा.

भाऊबिजेला बायकोला घेऊन तिच्या भावाकडे राजूरला जावं लागलं. ते आधीच ठरलेलं होतं, कारण काही खोटं नव्हतं. सकाळी दादांचा फोन दोनदा वाजला. मी गाडी चालवत होतो. बायको म्हणाली, घ्या की. मी म्हणालो, घाटात आहे, नंतर करतो.